जुनी कार्टून लावण्याआधी टीव्हीची सेटिंग बघा

टॉम अँड जेरीच्या डीव्हीडी पुन्हा बघणार असाल तर आधी टीव्हीचं ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा (हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून मधली चित्रं स्वतः बनवून घालणारी सोय; कंपनीगणिक नाव वेगळं असतं). या कार्टूनमध्ये सेकंदाला फ्रेम २४, पण एकेक चित्र बऱ्याचदा दोन फ्रेमना वापरलेलं. म्हणजे हातानं काढलेली १२च चित्रं. टीव्ही मधल्या जागा आपल्या मनानं भरतो आणि टॉमच्या धावण्यातला सगळा झटका जातो. फार वाईट वाटतं ते बघताना! ‘नॉइज रिडक्शन’ही (चित्रातले दाणे पुसणारी सोय) बंदच ठेवा, त्यानं शाईच्या बारीक रेषा पुसट होतात. चित्राचा आकार ४:३ ठेवा (रुंदी ४, उंची ३). १९५०च्या दशकाच्या मध्यापासूनचे बरेच भाग मात्र मुळातच रुंद पडद्यासाठी बनवलेले आहेत. आवाज थोडा वाढवा, स्कॉट ब्रॅडलीचं संगीत पावलापावलाला धरून वाजतं.