रेस सोडली तरी गाडी घुमतेय? आधी अडलंय कुठे ते शोधा

पावसाळ्यात कशेडी घाटात ट्रॅफिक तुंबलेला, पुढे ट्रक, मागे एसटी. पाय उचलला तरी माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकचं इंजिन घुमतच होतं. मेकॅनिकने स्प्रे मारला, पैसे घेतले, आणि आठवड्यात गाडी पुन्हा तशीच. दोष होता पेडलपासून इंजिनपर्यंत जाणाऱ्या केबलमध्ये, सफाई झाली थ्रॉटल बॉडीची, म्हणजे इंजिनला जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाची.

दुरुस्तीआधी जिवाचं बोलू. चालत्या गाडीत रेस अडकली तर क्लच दाबा आणि गाडी न्यूट्रलला काढा. इंजिन किंचाळेल, किंचाळू दे. ब्रेक एकदाच, पण घट्ट दाबून धरा, पंप करू नका. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. थ्रॉटल उघडं राहिलं की व्हॅक्यूम घटतो, आणि साठलेला जोर दोन-तीन दाबांत संपतो. धावत्या गाडीत चावी काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल. गाडी कडेला थांबली की मग इंजिन बंद करा.

आता तपासणी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद आणि थंड.

पहिली नजर पायाखाली. रबरी मॅटवर दुसरी मॅट टाकायची आपल्याकडे हौस फार. वरची सरकते आणि पेडलवर चढते. 2009 मध्ये अमेरिकेत टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या, त्याचं एक कारण हेच होतं. मॅट काढा, पेडल हाताने दाबून सोडा. पाण्याची बाटली, गणपतीत उडालेली चमकी, काहीही निघतं तिथून.

पेडल मोकळं असेल तर बॉनेट उघडा. एअर फिल्टरकडून येणारा जाड पाइप इंजिनला जिथे मिळतो, तिथे थ्रॉटल बॉडी असते. जुन्या गाडीत तिच्या बाजूच्या अर्धगोल चाकावर केबल येते. घरातल्या कुणाला तरी पेडल दाबून झटक्यात सोडायला सांगा. चाक टक् करून जागेवर बसलं पाहिजे. रेंगाळत आलं, तर केबल सैल करून टोकाची गोळी खाचेतून काढा आणि चाक बोटाने फिरवा. सगळी मेख इथेच आहे. चाक बोटाने लोण्यासारखं फिरलं आणि सोडताच जागेवर आलं तर दोष केबलमध्ये किंवा पेडलमध्ये. बोटालाही अडलं तर थ्रॉटल बॉडीत. मोकळं फिरूनही परत आलं नाही, तर तिची स्प्रिंग दमलीय.

माझ्या केबलवर पेडलजवळच्या वळणात दोन तारा तुटून काट्यासारख्या उभ्या होत्या. बोटाला टोचल्या तेव्हा कळलं. अशी केबल तेल घालून वाचवायच्या फंदात पडू नका. आत प्लास्टिकचं अस्तर असेल तर तेलात धूळ बसून ती आणखी जड होते. नवी घ्या, पण मॉडेल आणि वर्ष सांगून. बसवताना जुनीच्याच वाटेने न्या, तीव्र वळण नको. शेवटी किंचित ढील ठेवा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहा. रेस आपोआप वाढत असेल तर केबल कुठेतरी ताणली जातेय.

दोष बॉडीत असेल तर क्लॅम्प सैल करून पाइप काढा. आत गोल चकती दिसेल, तिला बटरफ्लाय म्हणतात. इंजिनमधल्या तेलाची वाफ याच वाटेने परत खेचली जाते आणि चकतीच्या कडेला काळं, चिकट कडं तयार होतं. पेडल सुरुवातीला चिकटतं आणि मग गाडी एकदम हिसका मारते, ते यामुळेच. थ्रॉटल बॉडी क्लिनर फडक्यावर मारा आणि कडा पुसा, मागच्या बाजूनेही. मऊ टूथब्रश चालेल, पॉलिश पेपर मुळीच नाही. क्लिनर पेट घेतो, म्हणून काम उघड्यावर करा आणि विडी-सिगारेट लांब ठेवा. जवळचा छोटा स्टॉप स्क्रू मात्र पिळू नका. तो कंपनीतून बसवून येतो आणि एकदा हलला की आयडलिंगची, म्हणजे पाय उचललेला असताना इंजिन संथ फिरतं त्याची, वाट लागते.

नव्या गाडीत केबल नसते, चकती मोटर हलवते. तिथे चावी लावलेली असताना बोट घालायचं नाही आणि चकती जबरदस्तीने ढकलायची नाही, आतले प्लास्टिकचे दात तुटतात. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर असलेल्याकडे जा, घरी खटाटोप नको.

सगळं जोडून गाडी सुरू केली की पहिली काही मिनिटं इंजिन अडखळेल, थोडा धूरही येईल. आयडल जरा जास्त वाटला तरी घाबरू नका. गाडीतला कॉम्प्युटर इतके दिवस घाणीचा हिशेब धरून हवा देत होता, त्याला नव्याने शिकावं लागतं. काही मॉडेलना त्यासाठी रीसेट करून घ्यावं लागतं.

रस्त्यावर नेण्याआधी उभ्या गाडीतच दहा-बारा वेळा रेस देऊन सोडा. पाय उचलल्याबरोबर आवाज खाली आला पाहिजे. एकदा जरी रेंगाळला, तर चावी खिशात आणि टोइंगला फोन.