धडधड वाढायच्या आधीच वेरूळला बसा: व्हीआर हेडसेट वापरायची रीत

चिंतेसाठी व्हीआरमधून (डोळ्यांवर हेडसेट चढवून चहूबाजूंनी दिसणाऱ्या आभासी जगातून) वारसास्थळं बघताना बहुतेकांची चूक एकच होते: ते सहल काढतात. दहा मिनिटांत बारा लेणी बघायची, मग मळमळतं आणि जीव आणखी घाबरा होतो. इथे फिरायचं नाही, एका जागी बसायचं.

जागा म्हणून वेरूळचं दहावं लेणं उत्तम. या विश्वकर्मा लेण्याला 'सुताराची झोपडी' म्हणतात, कारण छताच्या कमानी लाकडी वाशांसारख्या दगडातच कोरल्या आहेत. समोर स्तूप, त्याच्या पुढ्यात बसलेले बुद्ध. नजर कुठे ठेवायची हा प्रश्नच उरत नाही. कोंदट जागेत गुदमरणाऱ्यांनी मात्र सोळाव्या लेण्याचं, कैलासचं, उघडं अंगण घ्यावं. फक्त कॅमेरा खाली अंगणात असावा. वरच्या कड्यावरून घेतलेलं दृश्य तीसेक मीटर खोल दिसतं आणि उंचीची भीती असणाऱ्याचे तळवे घामेजतात.

३६० अंशांचा व्हिडिओ निवडताना तिपाईवर स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्याचाच घ्या. हातात धरून चालत काढलेला नको. डोळे सांगतात 'चाललो', कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते 'बसलोय', आणि या भांडणातून मळमळ होते. गेमसारखं फिरता येणारं ॲप असेल तर सरकत जाण्याऐवजी उडी मारून जागा बदलण्याचा पर्याय निवडा. निवेदन आणि बासरी बंद करा. दर वाक्याला लक्ष तुटतं.

खुर्ची पाठ टेकता येईल अशी, बिनचाकांची. पाय जमिनीला टेकलेले. भिंगांमधलं अंतर डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराइतकं ठेवा (मोठ्या माणसांत साधारण ६३ मिलिमीटर). हे चुकलं तर चित्र धूसर दिसतं आणि कपाळ दुखतं. मागचा पट्टा घट्ट करून धूसरपणा जात नाही, गालावर वळ तेवढे उठतात.

घालण्यापूर्वी ० ते १० मध्ये घालमेल किती ते कागदावर लिहा. मग छतातली एक कमान निवडा. एका टोकापासून माथ्यापर्यंत नजर नेताना ४ मोजत नाकाने श्वास आत, दुसऱ्या बाजूने उतरताना ६ मोजत बाहेर. पुढच्या श्वासाला पुढची कमान. मिनिटाला सहा श्वास होतात. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, पुढे फार तर दहा. मोजणी चुकली तर चुकू द्या, दिसेल त्या कमानीपासून पुन्हा धरा. डोळे मिटून हेडसेट काढा, खोलीतल्या तीन वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, आकडा पुन्हा लिहा. दहा मिनिटं तरी गाडी चालवू नका.

सराव मन शांत असताना करा. ऐन पॅनिकमध्ये तोंडावर डबा चढवला तर श्वास कोंडल्यासारखा वाटतो. मळमळ सुरू झाली की 'थोडं सहन करू' म्हणू नका, लगेच काढा. त्या दिवशी पुन्हा नाही.

फिट्स येत असतील, व्हर्टिगो असेल, पेसमेकर बसवला असेल किंवा आजूबाजूचं जग खोटं वाटण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू नका. चालू असलेल्या गोळ्या याच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत. दोन आठवडे आकडा हलला नाही, किंवा झोप-जेवण बिघडलं, तर हेडसेट बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

जाता जाता: भिंगं कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसा, आणि हेडसेट खिडकीत ठेवू नका. भिंगातून एकवटलेलं ऊन आतला पडदा जाळतं.