जादा नळी बसवायला नेण्याआधी

परवान्यावर एसबीबीएल (सिंगल बॅरल ब्रीच लोडिंग, म्हणजे मागून भरायची एकनळी) लिहिलेली, बिजागरीवर मधून मोडून उघडणारी एकनळी बंदूक घरात आहे आणि तिला दुसरी नळी घ्यायची आहे, अशांसाठी ही तयारी लिहितोय. जुनी नळी आतून खड्डे पडून गेली असेल, किंवा बारा बोअरच्या जोडीला वीस बोअरची, म्हणजे आतून अरुंद आणि हलकी नळी हवी असेल. फ्रेम, म्हणजे नळी जिच्यावर चढते तो लोखंडी सांगाडा, एक; नळ्या दोन. ऐकायला सोपं आहे, आणि अमेरिकेतले व्हिडिओ बघितले की आणखीच सोपं वाटतं: पुढचं लाकूड काढलं, बिजागरीची पीन ढकलली, एक नळी उतरवली, दुसरी चढवली, झालं. ते व्हिडिओ खोटे नाहीत. थॉम्पसन सेंटरचं कंटेंडर हे एकबारी पिस्तूल १९६७ मध्ये आलं तेच या कल्पनेवर, की कुठलीही नळी घरच्या घरी बदलता यावी. पण त्याच देशात हॅरिंग्टन अँड रिचर्डसनच्या एकनळीला जादा नळी हवी असेल, तर गिऱ्हाइकाला फ्रेम कारखान्यात पाठवावी लागायची. तिथे नळी त्या फ्रेमला बसवून मगच परत यायची. आपल्याकडच्या, हाताने बसवलेल्या जुन्या एकनळ्या या दुसऱ्या जातीच्या. वाड्याचं दार जसं त्याच्याच चौकटीत लागतं, तशी नळी तिच्याच फ्रेमला लागते. शेजारच्याची त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची नळी आपल्या फ्रेमवर मिटली, म्हणजे ती बसली असं होत नाही.

आधी कागद. नळी म्हणजे सुटा भाग, तिला कसला परवाना, असं म्हणणारे बरेच भेटतात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात अग्निशस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग धरलेले आहेत, तेव्हा हा विषय तिथेच मिटला. विक्रेत्याला इसार देण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात लेखी अर्ज द्या: या परवान्यावर, या क्रमांकाच्या फ्रेमसाठी, या बोअरची जादा नळी घ्यायची आहे, नोंद कशी होईल. खिडकीवर तोंडी मिळालेलं ‘काही हरकत नाही’ हे उत्तर नाही. पोच घ्या आणि लेखी उत्तराची वाट बघा. पुणे शहरात हे काम पोलीस आयुक्तालयाकडे, पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून आयुक्तालय वेगळं, आणि भोर, पुरंदर, जुन्नरकडच्या शेतकऱ्यांना जिल्हाधिकारी कार्यालय. पुण्याच्या पेठेतून पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतल्या चिखलीला राहायला गेलात आणि परवान्यावर अजून पेठेचाच पत्ता असेल, तर तो आधी बदलून घ्या. नाहीतर दोन्हीकडचे साहेब एकमेकांकडे बोट दाखवतील.

फाइलमध्ये मूळ परवाना, यूआयएन (परवानाधारकाचा ओळख) क्रमांक असलेलं पान, बंदुकीची खरेदीपावती आणि आधी झालेल्या दुरुस्त्यांच्या पावत्या ठेवा. परवान्याची मुदत बघा. २०१९ च्या दुरुस्तीने ती तीनवरून पाच वर्षांची झाली, त्यामुळे तारीख लक्षात न राहणाऱ्यांची संख्याही वाढली. निवडणुका जवळ आल्या असतील तर काम खुशाल पुढे ढकला. आचारसंहितेत ठाण्यातून बंदूक जमा करायचा निरोप यायचा आणि बंदूक कारागिराच्या टेबलावर खोलून पडलेली, हा ताप कोणी मागून घेऊ नये.

छर्ऱ्याच्या फ्रेमवर रायफलची नळी चढवायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. नळी आखूड करणं विनापरवाना गुन्हा होतंच. २०१९ पासून एका प्रकारच्या शस्त्राचं दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणंही त्यात आलं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी लोखंड ऐकणार नाही. साध्या बारा बोअरच्या काडतुसाचा कमाल दाब युरोपीय मानकात ७४० बार (बार हे दाबाचं एकक) धरतात, तर ३०८ सारख्या रायफलच्या काडतुसाचा चार हजारांच्या वर जातो. हॅरिंग्टनवाले छर्ऱ्याला वेगळी आणि रायफलला वेगळी फ्रेम वापरत ते उगाच नाही.

मग कारागीर. शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो आणि चाचणीलाही. आपल्याकडे भोसरीत लेथवाले इतके, आणि त्यांचा हात इतका साफ, की मोह होतो: ओळखीचा टर्नर आहे, नळीखालच्या लगला (फ्रेममध्ये अडकणाऱ्या लोखंडी दाताला) केसभर घासायचंय, अर्ध्या तासाचं काम. टर्नर कितीही हुशार असला तरी तुम्ही त्याला गुन्ह्यात ओढताय, आणि बंदूक घट्ट कुठे हवी, सैल कुठे चालते हे त्याला माहीत असायचं कारण नाही. परवानाधारक शस्त्रदुरुस्तीवाल्याकडेच जा. त्याच्या परवान्याची मुदत विचारायला लाजू नका. तो तुमचा परवाना बघणारच आहे.

आता बंदूक. ती रिकामी आहे हे उघडून डोळ्यांनी बघा, वाटल्यास चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, करंगळी घालून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. त्यानंतरच पुढचं.

सफाई नीट करा, कारण मळ मापं बिघडवतो. आपल्याकडे याला एक खास कारण आहे: खंडेनवमी. वर्षातून एकदा बंदूक बाहेर निघते, तिला हळदीकुंकू वाहतात, वर फूल ठेवतात, आणि तशीच ती परत कपाटात जाते. हळदीकुंकवाची पूड तेलात कालवली जाऊन बिजागरीच्या पिनेभोवती आणि मिटलेली बंदूक धरून ठेवणाऱ्या कुलपाच्या खाचेत घट्ट बसते. नळी फ्रेमच्या मागच्या उभ्या फळीला पूर्ण टेकत नाही, आणि आपल्याला वाटतं नवी नळी बरोबर आली नाही. पूजा जरूर करा, पण कुंकू लाकडाला लावा, आणि दुसऱ्या दिवशी खाचा जुन्या टूथब्रशने साफ करून तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवायची सवय असेल तर तीही मोडा. चामडं ओल धरतं आणि नळीवर तांबूस ठिपके उठतात. असे ठिपके लगवर असतील तर स्वतः पॉलिश पेपर मारू नका. तिथला केसभर धातू म्हणजेच ती बसवण.

साफ झाल्यावर जुन्या नळीसकट बंदुकीची आजची तब्येत लिहून काढा. नवी नळी ज्या फ्रेमवर बसायची ती फ्रेमच झिजलेली असेल, तर हे कळायची हीच वेळ. पुढचं लाकूड काढा, कारण त्याची स्प्रिंग ढिलेपणा झाकून ठेवते. बंदूक मिटा, नळी एका हातात आणि दस्त्याची मान दुसऱ्या हातात धरून हलकेच डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवा. टकटक जाणवली तर ती कुठे, बिजागरीशी की कुलपाशी, ते टिपून ठेवा. वरच्या लिव्हरने उघडणारी बंदूक असेल तर मिटल्यावर लिव्हर कुठे थांबतो ते बघा. ताज्या बसवलेल्या बंदुकीत तो मध्यापासून थोडा उजवीकडे थांबतो. वापराने कुलपाची पाचर (लगच्या खाचेत शिरून नळी धरणारा तुकडा) आत सरकत जाते तसा तो मध्यावर येतो. मध्य ओलांडून डावीकडे गेलेला लिव्हर म्हणजे पाचरीत आता फारशी शिल्लक नाही. खिडकीच्या उजेडाकडे धरून नळीचं मागचं तोंड आणि फ्रेमची उभी फळी यांच्यातली फट पाहा. झेरॉक्सच्या कागदाची पट्टी, जी साधारण ०.१ मिलिमीटर जाड असते, त्या फटीत सरकते का, आणि दोन्ही बाजूंना सारखीच सरकते का, एवढं बघा. पुण्यात बोहरी आळीत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) मिळतो. हौस असेल तर घ्या आणि आकडा लिहा. किती फट चालते हा निकाल मात्र कारागिराचा.

नवी नळी हातात आल्यावर पहिली गोष्ट चेंबरची लांबी. बारा बोअर म्हटलं की सगळं एक असं नाही. जुन्या इंग्लिश धाटणीच्या नळ्यांना ६५ मिलिमीटरचं चेंबर असतं, आज सर्रास ७० चं, आणि मॅग्नमला ७६. गोम अशी की काडतुसावर छापलेली लांबी ही उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची. ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज जातं, बंदूक मिटते, सगळं ठीक वाटतं. उडताना त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उलगडतं आणि दाब चढतो. तेव्हा नळीवर चेंबरचा आकडा आणि दाबाची चाचणी झाल्याचे ठसे आहेत का ते भिंगाने बघून फोटो काढा. ठसे नसलेली नळी स्वस्तात मिळत असेल तर ती स्वस्त का आहे ते कळलंच.

वीस बोअरची नळी जोडीला येणार असेल तर इथे जरा थांबा. एकाच फ्रेमला दोन बोअर असण्यातला सगळ्यात मोठा धोका झिजेचा नाही, सरमिसळीचा आहे. बारा बोअरची नळी आतून सुमारे १८.५ मिलिमीटर, वीसची सुमारे १५.६. वीसचं काडतूस चुकून बाराच्या नळीत टाकलं तर ते चेंबरमधून पुढे घसरतं आणि जिथे नळी अरुंद होते तिथे अडकतं. मागून बघितलं तर चेंबर रिकामं दिसतं. घोडा ओढून काहीच होत नाही, म्हणून माणूस दुसरं काडतूस भरतो, या वेळी बाराचं, तेही नीट बसतं. पुढे काय होतं ते सांगायला नको. म्हणूनच वीस बोअरची काडतुसं बहुधा पिवळ्या रंगाची करतात. नळी घरी येण्याआधी काडतुसांचे दोन डबे, दोन कप्पे, आणि खिशात एका वेळी एकच बोअर, ही शिस्त घरात लागली पाहिजे. पट्ट्यात दोन्ही एकत्र खोवणारा काका प्रत्येक घरात असतो, त्याच्याशी आत्ताच बोलून घ्या.

कारागिराकडे जाताना फ्रेम, दोन्ही नळ्या, पुढचं लाकूड आणि दोन्ही बोअरची डमी काडतुसं न्या. जिवंत काडतूस एकही नको. बंदूक खोलून, बंद पेटीत, मूळ परवाना जवळ. स्वतः जा. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याने दुरुस्तीसाठी बंदूक नेली तर कायद्यात ते बसतं. पण भाच्याला मागे पेटी आडवी धरून स्कूटरवर पाठवलंत आणि वाटेत नाकाबंदी लागली, तर कायद्याचं कलम समजावून सांगायची पाळी त्या पोरावर येते. चारचाकीने जा.

तिथे पोचल्यावर काम सोडून निघू नका. एक गोष्ट बघण्यासारखी आहे. चांगला कारागीर चिमणीची ज्योत मोठी करून नव्या नळीच्या लगवर आणि मागच्या तोंडावर काजळी धरतो, नळी फ्रेमला लावून हळूच मिटतो आणि उघडतो. जिथे लोखंड लोखंडाला टेकलं तिथली काजळी पुसली जाते आणि चकाकणारा ठिपका उरतो. तेवढ्याच ठिपक्यावर बारीक कानसीचे एक-दोन हात, पुन्हा काजळी, पुन्हा मिटणं. ठिपके पसरत पसरत पट्टा होईपर्यंत हे चालतं, आणि यात दुपार सहज जाते. फटीत शिम (पातळ पत्र्याची पट्टी) सारून किंवा लगवर हातोडी मारून दहा मिनिटांत नळी घट्ट करून देणारा दिसला, तर नमस्कार करून बंदूक उचला.

त्याला सुरुवातीलाच बजावून सांगायचं ते एकच: जे काही काढायचं ते नव्या नळीचं, फ्रेमला हात लावायचा नाही. फ्रेमची फळी, कुलपाची पाचर, बिजागरीची पीन या तिन्ही गोष्टी दोन्ही नळ्यांच्या सामाईक आहेत. नवी नळी जड जाते म्हणून पाचर घासली, की नवी बसते आणि जुनी सैल होते. नवी सैल वाटते म्हणून जाड पीन घातली, की जुनी अडते, मग जुनीही घासावी लागते, आणि दोन नळ्यांच्या नादात एकही धड राहत नाही. फ्रेमच झिजली असेल तर आधी फ्रेमची दुरुस्ती, तिच्यावर जुनी नळी पुन्हा बसवणं, आणि त्यानंतरच नवीचा विचार. खर्च वाढतो. वाढू दे.

नळीबरोबर आणखी दोन गोष्टी तपासायला सांगा. काडतुसाची कड बसते ती खाच किती खोल आहे, कारण खोली जास्त झाली तर काडतूस मागे सरकतं आणि टोपी (बुडाशी असलेली, पिन आपटल्यावर पेटणारी) बाहेर फुगते. आणि कमी असेल तर बंदूक मिटताना जोर लागतो. दुसरं, फायरिंग पिन टोपीच्या मध्यावर आपटते का. नळी केसभर खालीवर बसली की खूण एका कडेला जाते आणि बार फुसका निघतो. काडतूस बाहेर ढकलणारा एक्स्ट्रॅक्टरही त्या त्या बोअरचाच हवा.

पहिला बार त्याच्याच ताब्यात, बंदूक बांधून, लांबून दोरीने. सिंहगडाच्या पायथ्याशी कुणाचं तरी शेत आहे, तिथे जाऊन बघू, हे नको. उडालेली टरफलं मागून घ्या. टोपी फुगलेली, कड फाटलेली किंवा बूड सुजलेलं दिसलं तर नळी तिथेच ठेवून या.

पावतीवर फ्रेमचा क्रमांक, दोन्ही नळ्यांचे क्रमांक, चेंबरची लांबी आणि नेमकं काय घासलं ते लिहून घ्या. आणि पैसे देण्याआधी जुनी नळी पुन्हा चढवा. पुढचं लाकूड काढून हलवून बघा, लिव्हर कुठे थांबतो ते बघा, कागदाची पट्टी फिरवा, आणि घरून लिहून आणलेल्या कागदाशी ताडून पाहा. लिव्हर आधी होता त्याहून डावीकडे गेला असेल, तर फ्रेमला हात लागलेला आहे, आणि ते बोलणं तिथल्या तिथे, बंदूक टेबलावर असतानाच झालं पाहिजे.