घसा न आवळता कार्टूनमधल्या लहान मुलाचा आवाज कसा द्यावा

कार्टूनमधील सहा-सात वर्षांच्या मुलांना बहुतेक वेळा मोठी माणसेच, आणि त्यातही बायकाच, आवाज देतात. मालिका दहा-दहा वर्षे चालते आणि खऱ्या मुलाचा आवाज तेराव्या-चौदाव्या वर्षी फुटू लागतो, हे त्याचे साधे कारण आहे. 'ड्रॅगन बॉल' या जपानी मालिकेतील छोट्या गोकूला मासाको नोझावा यांनी १९८६ मध्ये प्रथम आवाज दिला, तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या. हिंदीतील निंजा हातोडीचा आवाज मेघना एरंडे यांचा आहे. मी सोलापुरात राहून हेच काम चौदा वर्षे करीत आहे, कधी घरून, तर कधी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईच्या स्टुडिओत. नवोदितांना दिले जाणारे बरेचसे सल्ले घशाला अपाय करणारे आहेत, आणि ते ऐकून चांगले आवाज बिघडलेले मी पाहिले आहेत. संहिता न अडखळता वाचता येते आणि माइकसमोर थोडाफार अभिनय केलेला आहे, एवढे येथे गृहीत धरले आहे.

१. खोली

पंखा बंद करावा आणि पाठीमागे व दोन्ही बाजूंना दोरीवर जाड सोलापुरी चादरी सैल चुण्या पाडून टांगाव्यात. फोमच्या तक्त्यांवर सुरुवातीला पैसे घालवू नयेत. चादर खोलीतला घुमारा शोषते, पण बाहेरचा आवाज अडवीत नाही. त्यामुळे शेजारी यंत्रमाग असेल, तर माग बंद असतानाच रेकॉर्डिंग करावे.

२. आवाज बसवणे

या पायरीवर मी तीन वर्षे चुकत होते, म्हणून ती सविस्तर सांगते.

'लहान मुलाचा आवाज म्हणजे चढा आवाज', असे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आले आणि मी ते खरे मानले. घसा आवळून, पट्टी चढवून मी बोलत असे, आणि तासाभरात काम संपले तर ते खपूनही जात असे. पुढे एका मालिकेचे सलग पाच तासांचे काम आले. पाचव्या तासाला 'आई, थांब ना!' एवढे साधे वाक्य होते, आणि त्यातल्या 'थांब'ला आवाजच आला नाही, नुसती हवा आली. पाणी पिऊन पुन्हा म्हटले, पुन्हा हवाच आली. काम तिथेच थांबले. सोलापूरला परतल्यावर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून तपासले, तेव्हा दोन्ही स्वरतंतूंच्या कडांवर, नेमक्या समोरासमोर, गाठी धरू लागल्या होत्या. सहा आठवडे काम बंद ठेवावे लागले आणि वाचा-उपचारतज्ज्ञांकडे अक्षरशः 'आ'पासून बोलायला शिकावे लागले. जे तेथे शिकले, ते मला पहिल्या दिवशी कोणी सांगितले असते तर हे टळले असते.

मुलाचा आवाज मुलाचा वाटण्याची कारणे दोन असतात. त्याचे स्वरतंतू आखूड असतात, म्हणून पट्टी चढी असते. आणि स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळीही आखूड असते, म्हणून आवाजाचा पोतच लहान वाटतो. ऐकणारा कान या दुसऱ्या गोष्टीवरूनही वय ओळखतो, आणि सल्ला देणारे तिलाच विसरतात. पोकळी मोठ्या माणसाची ठेवून केवळ पट्टी चढवली, तर मूल ऐकू येत नाही, वैतागलेली बाई ऐकू येते. ही पोकळी दोन टोकांनी आखूड करता येते. मागच्या टोकाने करायची, म्हणजे कंठ (गिळताना वर सरकतो तो गळ्यावरचा उंचवटा) वर ओढून धरायचा. माझ्या गाठी याच सवयीने झाल्या, आणि हे कोणीही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या टोकाने करायची, म्हणजे ओठांचे कोपरे हसल्यासारखे मागे न्यायचे, जीभ पुढच्या दातांच्या जवळ ठेवायची आणि जबडा कमी उघडायचा. यात घशाला काहीच करावे लागत नाही.

सराव असा करावा. आपल्या नेहमीच्या पट्टीत, हसऱ्या ओठांनी 'ई' म्हणावे. जीभ शक्य तितकी तिथेच ठेवून 'ए' आणि मग 'आ' म्हणावा. या वेळी दोन बोटे कंठावर हलकीच टेकवून ठेवावीत. कंठ बोटांखालून वर सरकला, तर थांबून पुन्हा 'ई'पासून सुरुवात करावी. हे जमले की त्याच तोंडाने वाक्ये बोलावीत, आणि पट्टी शेवटी, तीही आपल्या बोलण्याच्या पट्टीपेक्षा दोन-तीन स्वरच वर न्यावी. दहा मिनिटे असे बोलून झाल्यावर लगेच स्वतःच्या आवाजात कोणाशी तरी बोलावे. पहिला शब्द खरखरीत आला, तर आपण कुठे तरी घसा आवळला आहे असे समजावे.

कामाआधी आणि कामानंतर पाच-पाच मिनिटे, पेल्यात दोन बोटे पाणी घेऊन त्यात बुडवलेल्या नळीतून बुडबुडे काढीत 'ऊ' असा सूर लावावा. नळीमुळे तोंडात हवेचा उलट दाब तयार होतो आणि स्वरतंतू एकमेकांवर कमी जोराने आपटतात. मध, जेष्ठमध, खडीसाखर यांवर मात्र विसंबू नये. गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंवरून तो जात नाही, आणि तिकडे चुकून गेलाच तर ठसका लागतो. या पदार्थांनी घशाला बरे वाटते, आणि त्या बरे वाटण्याच्या भरात आपण दुखावलेल्या आवाजावर आणखी काम करतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहण्याला पर्यायच नाही. आवाज दोन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर घरगुती उपाय सोडून डॉक्टरांना दाखवावे. बसलेल्या आवाजात कुजबुजून बोलल्याने विश्रांती मिळते, हाही गैरसमज आहे, गप्प राहावे.

पात्राचा आवाज जमल्यावर श्वासाकडे वळावे. मुले वाक्य संपल्यावर श्वास घेत नाहीत, श्वास संपल्यावर घेतात. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतून पाळण्यात बसून आलेल्या शेजारच्या मुलाचे बोलणे मी एकदा ऐकता ऐकता लिहून घेतले होते: 'तो पाळणा ना वर गेला वर गेला आणि मी ना', इथे मोठा श्वास, 'घाबरलोच नाही, पप्पा घाबरले'. सर्वांत महत्त्वाची बातमी श्वासाच्या पलीकडे राहिली होती, आणि ती सांगण्याच्या घाईने 'घाबरलोच'मधला 'घा' जवळजवळ फुटला होता. संहितेवर श्वासाच्या खुणा अशा जागी कराव्यात. बोबडे बोलू नये. सहा-सात वर्षांचे मूल बहुतेक अक्षरे स्वच्छ उच्चारते, आणि बोबडेपणा प्रत्येक वाक्यात ऐकू आला की पाहणाऱ्या मुलांनाही आपली नक्कल चालली आहे हे कळते.

३. ओठ जुळवणे

परदेशी मालिकेचे डबिंग असेल, तर चित्र आधीच तयार असते आणि आपल्याला त्याच्या ओठांत बोलावे लागते. प्रत्येक अक्षर जुळवण्याच्या मागे लागू नये. वाक्याची सुरुवात, शेवट आणि मिटलेले ओठ, एवढे तीन बिंदू सांभाळावेत. पात्राचे ओठ मिटतात तिथे प, फ, ब, भ किंवा म यांपैकी अक्षर पडावे. पडत नसेल, तर दिग्दर्शकाला विचारून शब्द बदलावा, 'चल' ऐवजी 'पळ' म्हणावे.

४. आरडाओरड

पडणे, धापा, किंकाळ्या, खदाखदा हसणे या सर्वांना स्टुडिओत 'एफर्ट्स' म्हणतात. ते नेहमी दिवसाच्या शेवटी, सगळे संवाद झाल्यावर द्यावेत. कोणी आधी मागितले, तर नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा.

५. भाषेचा हेल

सोलापूरच्या मराठीत कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दूचा हेल मिसळलेला आहे, आणि तो घालवून टाका असे सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. वाक्याच्या शेवटी वर जाणारा आमचा 'की' मी दोन पात्रांना दिला, आणि दोन्ही पात्रे त्यामुळे जिवंत झाली. जिथे प्रमाण मराठी हवी तिथे ती यायला हवी, एवढेच. हिंदीत काम करताना 'पैसा' आणि 'और' यांतले ऐ व औ आपण 'अइ', 'अउ' असे फोडतो, 'ज्ञान'चा उच्चार 'ग्यान' करायचे विसरतो आणि 'चल'मधला च दातांत ठेवतो, हे तीन दोष आधी घालवावेत.

६. काम मागणे

मिनिट-दीड मिनिटाचा नमुना पुरे, आणि त्यात एकमेकांपासून स्पष्ट वेगळी तीन-चार पात्रे असावीत. संगीत घालू नये. ऑडिशनसाठी किंवा नावनोंदणीसाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. करारात आपला आवाज संगणकाकडून नव्याने तयार करून घेण्याची मुभा दिलेली आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचावे, आणि दिलेली असेल तर ते कलम काढून टाकायला सांगावे.

७. पात्राची नोंद

काम मिळाल्यावर पहिल्याच दिवशी पात्राच्या आवाजातली पाच वाक्ये वेगळी रेकॉर्ड करून ठेवावीत: एक शांत, एक रागाचे, एक रडवेले, एक हसरे आणि एक हाक मारण्याचे. सोबत वहीत ओठ किती ताणले, जीभ कुठे होती, पट्टी कोणती होती, हे लिहावे. दोन भागांमध्ये आठ-आठ महिन्यांचे अंतर पडते आणि स्मरणातला आवाज तोवर हमखास चढा झालेला असतो. पुढच्या भागासाठी मुंबईला जाताना मी रात्री गाडी दौंड सोडेपर्यंत ही पाच वाक्ये कानाला लावून ऐकते, ओठ तसे ताणून पाहते, आणि मुंबईत उतरेपर्यंत पात्राच्या आवाजात एक शब्दही मोठ्याने बोलत नाही.