दवबिंदूचा फोटो अखेर स्पष्ट आला
गवतावरच्या दवाचे माझे फोटो कायम धूसर यायचे. लेन्सला दोष देत राहिलो, पण चूक माझ्या घाईची होती. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ मॅक्रोत, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकारात उमटेल इतक्या जवळून, लेन्सचं छिद्र एफ/८ इतकं लहान ठेवलं तरी जेमतेम १ मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. आपल्या श्वासानेही फोकस सरकतो. आता एका पात्यापाशी १० मिनिटं नुसता बसतो, कॅमेरा बंद ठेवून. मग ऑटोफोकस काढून टाकतो, कोपर गुडघ्यावर टेकवतो आणि किंचित पुढे-मागे झुकत फोकस साधतो. शटर १/२५० सेकंद. वारा थांबला की लागोपाठ तीन-चार फोटो. पहाटेच्या गारव्यात किडेही सुस्त असतात, हा मोठाच फायदा. काल एका थेंबात मागचं फूल उलटं उमटलेलं दिसलं, पाकळ्या मोजता येतील इतकं स्वच्छ!