झिप नको, बटण नको: पहिलं कुशन कव्हर असं शिवा

शिवण शिकायची सुरुवात ब्लाउजने करू नका, हे मी भेटेल त्याला सांगते. मुंढा, कटोरी, बाहीचा गोल असलं काही हातात घेतलं की दोन दिवसांत मशीनवर कव्हर पडतं आणि मग त्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. त्यापेक्षा कुशन कव्हर शिवा, सगळ्या कडा सरळ, अंगाला बसलं नाही ही भानगड नाही, आणि थोडं वाकडं गेलं तरी सोफ्यावर टाकल्यावर कोणी मोजपट्टी घेऊन येत नाही.

झिपवालं मात्र आत्ता नको. झिप लावायला मशीनचा वेगळा फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा भाग) लागतो, हात बसलेला लागतो, आणि बहुतेकांचा उत्साह तिथेच संपतो. मागच्या बाजूला कापडाचे दोन पदर एकमेकांवर येतात आणि त्यातून कुशन आत सरकवायचं, तो प्रकार सगळ्यात सोपा. हे कव्हर बरेच जण तीन तुकडे कापून करतात, पण मला विचाराल तर एकच लांब पट्टी घ्या, तिची घडी घाला, दोन बाजू शिवा, झालं.

माप

बाजारात सगळ्यात जास्त मिळतो तो 16 बाय 16 इंचाचा फिलर, म्हणजे कव्हराच्या आत घालायची भरलेली उशी. त्यासाठी कव्हर शिवून 15 इंचाचं झालं पाहिजे, 16 चं नाही, कारण कव्हर जरा घट्ट असलं तरच कुशन गुबगुबीत दिसतं नाहीतर कोपरे रिकामे लोंबतात. आता हिशोब बघा. पुढची बाजू 15, मागची बाजू 15, मागे पदर एकमेकांवर यायला 5, आणि दोन्ही टोकं दुमडायला 1-1 इंच, म्हणजे लांबी 37 इंच. रुंदी 16, त्यात दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर राहणारं कापड, धरलेली आहे. 12 चा फिलर असेल तर पट्टी 12 रुंद आणि 28 लांब, तिथे मागे 4 इंच पदर पुरतो.

एक मीटर म्हणजे साधारण 39 इंच, त्यामुळे 44 इंच पन्ह्याचं (रुंदीचं) एक मीटर कापड घेतलंत तर त्यात दोन कव्हरं आरामात बसतात. दुकानात कापड आटेल का विचारलं तर नाही म्हणतात, तुम्ही मात्र कापायच्या आधी धुवाच. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात थोडं तरी आटतं, आणि आधीच घट्ट मापाचं कव्हर आटलं की फिलर आत जातच नाही. रंगाचं पण तेव्हाच कळतं, ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा घासून बघा, फडक्याला रंग लागला तर ते कापड बाकीच्या कपड्यांत टाकू नका.

कापड कुठलं

पहिल्यांदा साधं सुती, हाताला जरा जाड लागणारं. सॅटिन, जॉर्जेट, क्रेप अजिबात नको, ते टाचण्या लावेपर्यंतच हातातून निसटतं. खण सगळ्यांनाच लावायचा असतो हल्ली, दिसतो पण छान, पण खणाचे धागे कापल्या कापल्या सुटायला लागतात आणि पन्हाही लहान असतो त्यामुळे विकत घेताना तिथेच मोजून घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या कव्हराला घ्या खण. आणि बाजारातला बराचसा खण कृत्रिम धाग्याचा असतो, इस्त्री आधी कोपऱ्यावर टेकवून बघा.

जुनी इरकल किंवा कुठलीही सुती साडी असेल तर उत्तम, फक्त ती उजेडासमोर धरून बघा. बसण्याच्या जागचा आणि निऱ्यांचा तळाचा भाग विरलेला असतो, तिथून कापलंत तर दोन महिन्यांत कव्हर फाटणार. पदराकडचा भाग किंवा आतल्या खोचलेल्या टोकाकडचा भाग सहसा चांगला राहिलेला असतो. साडीचं कापड पातळ असतं म्हणून आतून जुन्या पांढऱ्या चादरीचं अस्तर लावा, दोन्ही कापडं एकावर एक ठेवून कडेने मोठा धावदोरा घातला की पुढे ते एकच कापड समजून शिवायचं. (जाता जाता, खण गुळेदगुड्डचा आणि इरकल इलकलची, दोन्ही गावं बागलकोट जिल्ह्यातलीच, तेव्हा दोन्ही एका सोफ्यावर ठेवली तर काही बिघडत नाही.) काठ किंवा मोठं फूल पुढे मध्यभागी यायला हवं असेल तर ते पट्टीच्या बरोब्बर मध्यावर घ्या, म्हणजे 37 इंचात साडेअठरावर.

कापताना पट्टी काठाला समांतर आखा. तिरपं कापलं तर कापड ताणलं जातं आणि चौकोनाचा पतंग होतो.

इस्त्री आणि दुमड

शिवणापेक्षा इस्त्रीला जास्त वेळ द्या, खरंच. 16 इंचवाली जी दोन टोकं आहेत ती उलट बाजूला आधी अर्धा इंच दुमडा, इस्त्री करा, परत अर्धा इंच दुमडा, परत इस्त्री. कापलेली कड आत लपली पाहिजे. आता या दोन्ही दुमडी आतल्या कडेजवळून सरळ टीप मारून घ्या. इस्त्री नीट झाली असेल तर इथे टाचणी पण लागत नाही.

मशीनवर नवीन असाल तर आधी त्याच कापडाच्या कात्रणावर टीप मारून बघा. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता दिसला तर आपण लगेच बॉबिनच्या (खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या) मागे लागतो, पण दहातल्या नऊ वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. फूट वर उचलून, दोरा पूर्ण काढून परत ओवा. सुती कापडाला 14 नंबरची सुई चालते, टाका मध्यम ठेवा, आणि कापड मागून ओढू नका, मशीन स्वतः पुढे नेतं, आपण फक्त दिशा द्यायची.

घडी, इथेच सगळे चुकतात

पट्टी टेबलावर पसरा, सुलटी बाजू वर. एक टोक मध्याच्या दिशेने आणा, मग दुसरं टोक त्याच्यावर आणा, दोन्ही पदर मधे 5 इंच एकमेकांवर आले पाहिजेत आणि पूर्ण घडीची लांबी 15 भरली पाहिजे. ती मोजाच. आता सगळीकडे कापडाची उलटी बाजू दिसत असेल तर बरोबर. एक गंमत लक्षात ठेवा, जे टोक आधी घडी केलं तेच कव्हर सुलटं केल्यावर बाहेरून दिसतं, त्यामुळे एका टोकाला लेस किंवा काठ असेल तर ते टोक आधी.

दोन्ही उघड्या बाजूंना टाचण्या लावा, आणि कडेपासून अर्धा इंचावर टीप मारा. सुरुवातीला आणि शेवटी दोन-तीन टाके उलटे घ्या. जिथे पदर एकमेकांवर आहेत तिथे परत एकदा मागे-पुढे फिरवा, कुशन घालता-काढताना सगळा जोर तिथेच येतो. तिथे थर जास्त असतात म्हणून मशीन अडखळतं, जबरदस्ती न करता हाताने चाक फिरवून पार करा.

कोपरे भरल्यावर कानासारखे उभे राहतात, ते आवडत नसतील तर कोपऱ्याच्या आधी दोन-तीन इंचांपासून टीप हळूहळू आत घ्या, टोकाशी पाव इंच आत. नंतर धागे सुटू नयेत म्हणून मायेच्या कडांना झिगझॅग मारा, ते नसेल तर जवळच्या टेलरकडून ओव्हरलॉक करून आणा. कोपऱ्याची जादा माया तिरकी कापा पण टाका कापू नका. सुलटं करा, कोपरे विणायच्या सुईच्या बोथट बाजूने बाहेर ढकला. कात्रीने ढकलायचा मोह होतो, भोक पडतं.

मशीन नाही? हाताने पण होतं, एक दुपार जाईल. फक्त बाजूच्या शिवणी उलट्या टाक्याने (दर टाक्याला सुई थोडी मागे नेऊन) घ्या, धावदोऱ्याने नको, धावदोरा ताण आला की उसवतो. दोरा बोटांपासून हाताच्या कोपरापर्यंतच्या लांबीचा घ्या, लांब घेतला की गुंततो. दुमडीला तुरपाई केलीत तर मशीनपेक्षा सुबक दिसते.

आत काय भरायचं

तयार फिलर आणला तर प्रश्नच नाही, मधून दुमडून आत घाला आणि आधी लांबचे दोन कोपरे बसवा. घरी करायचा असेल तर जुन्या चादरीचे 17 बाय 17 चे दोन तुकडे चारी बाजूंनी शिवा, एका बाजूला हात जाईल एवढी फट सोडा, आत रेक्रॉन फायबर (उशांत भरतात तो कृत्रिम कापूस) भरा. गोळे हाताने मोकळे करत, कोपऱ्यांपासून सुरुवात करत. सावरीचा कापूस मिळाला तर अप्रतिम मऊ उशी होते पण तो घरभर उडतो, तोंडाला रुमाल बांधा, पंखा बंद करा आणि खोळ घट्ट विणीच्या कापडाचीच घ्या. जुन्या कपड्यांच्या चिंध्या मात्र भरू नका, जड होतं आणि गोळे टोचतात.

कुशन घातल्यावर मागचे पदर फाकत असतील तर पदर कमी पडलाय, उसवत बसू नका, मधे एक टिचबटण लावून टाका. आणि धुताना कव्हर उलटं करून धुवा, सावलीत वाळवा, साडीचा रंग तेवढा जास्त टिकतो.