कुत्र्याला ऑफिसला न्यायचंय? आधी सगळ्यांचे डबे बघा

आमच्या ऑफिसात शुक्रवारी कुत्रा आणायला परवानगी मिळाली तेव्हा भुंकेल का, चावेल का, शी कुठे करेल असं सगळं विचारून झालं, पण डब्याचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. माझी खारी (इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री आहे, रंग खारी बिस्किटाचा म्हणून खारी, वजन १६ किलो) पहिले दोन शुक्रवार शहाण्यासारखी टेबलाखाली झोपून राहिली आणि तिसऱ्या शुक्रवारी नेमका ऑफिसात सत्यनारायण. प्रसादाच्या शिऱ्यात सढळ हाताने बेदाणे, आणि कोणीतरी प्रेमाने अख्खा द्रोणच तिच्यापुढे ठेवला.

द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ले की त्रास होणार याचा काही हिशोबच नाही, एखाद्याला मूठभर पचतात आणि एखाद्याला थोडेसेच महागात पडतात. आम्ही तासाभरात डॉक्टरकडे पोचलो, त्यांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली, मग दोन दिवस सलाईन आणि रक्ताच्या तपासण्या. खारी आता एकदम ठणठणीत आहे, मीच अजून शिरा बघितला की दचकते. म्हणून हे लिहितेय.

पहिलं काम एचआरचं. नुसतं 'कुत्रा आणू का' विचारलंत तर 'नाही' हेच उत्तर येणार, त्यापेक्षा एका दिवसाची ट्रायल मागा आणि लसीकरणाची फाइल सोबत न्या. समोरचा फारच नाक मुरडायला लागला तर मुंबईचं बॉम्बे हाऊस सांगा, टाटांचं मुख्य ऑफिस, २०१८ मध्ये नूतनीकरण झालं तेव्हा तिथे तळमजल्यावर भटक्या कुत्र्यांसाठी खास खोलीच केली, आणि रतन टाटांचा लाडका कुत्रा 'गोवा' तिथेच राहायचा. स्विगीनेही २०२४ मध्ये घरी प्राणी आणणाऱ्या कर्मचाऱ्याला एक जादा भरपगारी सुट्टी द्यायची पॉलिसी काढली. म्हणजे हे काही परदेशी खूळ नाहीये.

फाइलमध्ये रेबीजची या वर्षीची लस पाहिजेच, शिवाय नाइन-इन-वन ही बऱ्याच आजारांवरची एकत्रित लस, कारण त्यात लेप्टो येतो आणि पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणारा तो आजार माणसांनाही होतो. जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त, हे तर आलंच. आणि टीममध्ये कोणाला ॲलर्जी किंवा भीती आहे का ते ग्रुपवर नका विचारू, एकेकाला बाजूला घेऊन विचारा, ग्रुपवर कोणी खरं सांगत नाही.

आता डबे. आपल्या डब्यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्याला चांगल्या आणि कुत्र्यालाही चालणाऱ्या असतात, फक्त फोडणी पडायच्या आधी. गाजर घ्या, त्यातल्या बीटा कॅरोटीनपासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, कुत्र्याचंही बनवतं (मांजराचं नाही बनवत, म्हणून मांजरवाल्यांनी गाजरावर भरवसा ठेवू नये), कच्च्या गाजराचे तुकडे खारी अर्धा तास कुरकुरत बसते आणि तेवढ्यात माझा कॉल उरकतो. लाल भोपळा नुसता उकडलेला, मीठ-तिखट नाही, त्यातल्या तंतूंनी आपलंही पोट साफ आणि तिचंही. उकडलेलं अंडं, एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रोटीन, आम्ही सरळ अर्धं-अर्धं करतो. काकडी, उकडलेलं रताळं, बिया काढलेलं सफरचंद, सगळं चालतं. दही साधं, साखर न घातलेलं, चमचा-दोन चमचे, कारण बऱ्याच कुत्र्यांना दूध पचत नाही पण विरजण लागल्यावर त्यातलं लॅक्टोज थोडं कमी होतं. दहीभात मात्र फोडणीच्या आधी बाजूला काढायचा. आणि हे सगळं मिळून दिवसभराच्या खाण्याच्या दहा टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर ऑफिसातले सगळे लाड करतात आणि दोन महिन्यांत कुत्र्याचं पिंप होतं.

नको ते मात्र पक्कं पाठ करा. कांदा आणि लसूण, कच्चा असो, शिजलेला असो, मसाल्यातली पावडर असो, लाल रक्तपेशी फोडतो. वजनाच्या अर्धा टक्का कांद्याने त्रास होऊ शकतो, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम, एक छोटासा कांदा झाला की! आणि लक्षणं लगेच नाही, काही दिवसांनी दिसतात, हिरड्या फिक्या, लघवी गडद, तोवर 'काल तर काहीच झालं नाही' म्हणून आपण निवांत. म्हणजे आपली भाजी, आमटी, मिसळ, पावभाजी सगळं बाद, 'नुसता रस्सा दिला' हे कारणही बाद. चॉकलेट, जितकं डार्क तितकं वाईट. शुगरफ्री च्युइंगगममध्ये साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉल तर फारच भयंकर, अर्ध्या तासातही रक्तातली साखर धाडकन उतरू शकते, आणि हे गम कोणाच्या तरी पर्समध्ये असतंच, पर्स जमिनीवर ठेवायची नाही एवढा एक नियम करूनच टाका. शिजवलेल्या चिकनची हाडं चिरफळतात, आंब्याची कोय आतड्यात अडकते. चिवडा-फरसाणात मीठ जास्त आणि वर बेदाणे. पारले-जी हे विष नाही, पण साखर-मैदाच आहे, एखादं ठीक, अख्खा पुडा नको.

आम्ही काय करतो, कुत्र्याच्या दिवशी जेवण फक्त पँट्रीत, डेस्कवर कोणीच नाही, आणि खारीच्या गळ्यात एक पट्टी, 'मला विचारून द्या', जी कोणी वाचत नाही, म्हणून तिच्या गाजरांचा डबा मीच फिरवते, ज्याला लाड करायचेत त्याने त्यातलं द्यावं. हा उपाय सगळ्यात चालला. माणसांना देण्यात आनंद असतो, काय देतोय याचं त्यांना फार नसतं. गंमत म्हणजे त्या डब्यातली अर्धी गाजरं अकाउंट्सवाले खातात, चारच्या वडापावऐवजी.

बाकी किरकोळ. सकाळी नेण्याआधी चांगलं फिरवा, दमलेला कुत्रा झोपतो. दर दोन-तीन तासांनी खाली न्या, मे महिन्यात आधी रस्त्यावर आपला तळहात ठेवून बघा, पाच सेकंद ठेववत नसेल तर तिचे पंजेही भाजणार. पाण्याचं भांडं, चादर, पिशव्या, जुना टॉवेल घरून. वायरी उचलून बांधा. लिफ्टमध्ये कोणी आधीपासून असेल तर पुढची घ्या.

आणि काही खाल्लंच तर रॅपर उचला, किती वाजले ते लिहा, वजन सांगत डॉक्टरला फोन लावा. घरच्या घरी उलटी काढायला मिठाचं पाणी पाजू नका, त्यानेच जास्त बिघडतं. जवळच्या २४ तासवाल्या दवाखान्याचा नंबर आमच्या पँट्रीच्या फ्रिजवर चिकटवलाय, पिझ्झावाल्याच्या नंबरच्या वर.